वाहनाच्या शेडवर लोखंडी पत्रा घालावा की सिमेंटचा?

यावल तालुक्यातील माझे मावसभाऊ घरालगत मोटारसायकल, फवारणी पंप आणि अवजारांसाठी शेड बांधत असून, छतासाठी रंगीत लोखंडी पत्रा घ्यावा की सिमेंटचा, यावर त्यांचे अडले आहे.

खानदेशात पहिला प्रश्न उन्हाचा. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा अर्धा मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा तापून आतली हवा भट्टीसारखी करतो; सहा मिलिमीटरचा सिमेंट पत्रा त्या मानाने उष्णता हळू आत सोडतो.

वाऱ्याचा विचार करता मात्र पारडे फिरते. केळीच्या बागा आडव्या करणारी उन्हाळी वादळे येथे नवी नाहीत. लोखंडी पत्रा कैच्यांना (छताच्या त्रिकोणी आधारांना) आणि आडव्या पाइपांना स्क्रूने नीट आवळला तर टिकतो, पण बांधणी ढिली असेल तर तोच उडून माणसाला इजा करतो. सिमेंटचा पत्रा जड असल्याने सहज उचलला जात नाही; परंतु गारपिटीत किंवा दुरुस्तीसाठी वर चढलेल्या माणसाच्या पायाखाली तो तडकतो, आणि वजन सुमारे तिप्पट असल्यामुळे खालचा सांगाडाही भक्कम, म्हणजेच महाग, करावा लागतो.

शिवाय अनेक सिमेंट पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज असते. असे पत्रे कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते, हे मला सर्वांत गंभीर वाटते.

केवळ वाहने आणि अवजारे ठेवायची असतील तर लोखंडी पत्रा घ्यावा. दुपारी आत बसून काम करायचे असेल तर अ‍ॅस्बेस्टॉसविरहित सिमेंट पत्रा बरा.