पन्नाशीच्या आसपास दारू सोडायची ठरवलीय? माळ, केंद्र, गोळ्या आणि मीटिंग, कोल्हापुरातनं बघताना

कोल्हापुरात कुणी दारू सोडतो म्हटलं की चार सल्ले हमखास येतात, माळ घाल, केंद्रात टाका, डॉक्टरकडनं गोळ्या घ्या, नाहीतर एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, मीटिंगला जा. मला सोडून बरीच वर्षं झालीत आणि या चारही वाटांनी गेलेली माणसं जवळनं बघितलीत, म्हणून सांगतो, दारू बंद करणं हे एक काम आहे आणि बंद ठेवणं हे दुसरं. पहिलं आठवडा-दोन आठवड्यांचं, दुसरं वर्षानुवर्षांचं, आणि बहुतेक घरं सगळा पैसा नि जीव पहिल्यातच संपवून बसतात.

बंद करण्याचं आधी बघू. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतोय, तरी बशीत सांडतोय, थोडी पोटात गेल्याशिवाय दाढीसुद्धा करता येत नाही, अशी अवस्था असेल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम सुरू होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणूस बायकापोरांना ओळखत नाही, आणि यात जीवसुद्धा जातो. या वयात बीपी, शुगर, लिव्हर यातलं काहीतरी असतंच, त्यामुळं धोका आणखी. डॉक्टर काही दिवस कंप आणि फिट आवरणाऱ्या गोळ्या देतात, बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, तिथं दाखवा.

माळेला मी कमी लेखत नाही. माळ घालून आयुष्यभर टिकलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत, कारण माळेमागनं भजन येतं, एकादशी येते, वारी येते, म्हणजे संध्याकाळ भरते आणि संगत बदलते. नुसती आदमापूरला बाळूमामांच्या देवळात जाऊन शपथ घेतली आणि रात्री परत त्याच कट्ट्यावर बसलं तर ती शपथ किती दिवस पुरणार? रोज भरपूर पिणाऱ्यानं आधी डॉक्टर, मग माळ.

आता खरा प्रश्न, केंद्रात ॲडमिट व्हायचं का घरी राहून करायचं. केंद्राचा फायदा म्हणजे दुकान, मित्र, घरातली भांडणं सगळ्यापासनं महिनाभर सुटका. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासनं हे काम करतंय आणि तिथं घरच्यांनाही समजावून सांगतात, ते फार महत्त्वाचं. तोटा असा की शिरोली एमआयडीसीत नोकरी असेल नाहीतर स्वतःचं दुकान असेल तर महिनाभर जायचं कसं, आणि परत आल्यावर तोच चौक, तेच मित्र, आखाडातल्या त्याच पार्ट्या. सगळी केंद्रं चांगली असतात असंही नाही, मारहाण करणारी, कोंडून ठेवणारीही आहेत. म्हणून आधी विचारा, नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतो का, घरच्यांना भेटता येतं का, डिस्चार्जनंतर पाठपुरावा काय. शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर नाही मिळालं तर पैसे भरू नका. माझं मत, घरी राहून आधी प्रयत्न करून झालाय आणि परत परत घसरतंय, किंवा घरातच दुसरं कुणी पिणारं आहे, तर केंद्र. नाहीतर नाही.

गोळ्यांचं थोडक्यात. डायसल्फिरम घेऊन दारू प्यायली की तोंड लाल, उलट्या, धडधड, बीपी खाली, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा त्रास होऊ शकतो. वहिनी, ताई, कुणी सांगितलं तरी ही आमटीत गुपचूप घालू नका, हृदयाचा त्रास असलेला माणूस दगावू शकतो. नाल्ट्रेक्सोन वेगळी, ती पिण्यातली मजा आणि ओढ कमी करते, ॲकॅम्प्रोसेट दिवसातनं तीनदा घ्यावी लागते पण लिव्हर नाजूक असणाऱ्याला बरी पडते, किडनी मात्र तपासून घ्यायची. या गोळ्या ओढ आवरतात पण रिकामी संध्याकाळ भरत नाहीत.

ती मीटिंगमध्ये भरते. एए १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनीच सुरू केलं, फी नाही, आडनाव विचारत नाहीत. एखाद्या शाळेच्या वर्गात लहान पोरांच्या बाकावर साठीचा रिटायर्ड माणूस गुडघे आखडून बसलेला असतो, शेजारी रिक्षावाला, पलीकडं प्राध्यापक, एकेक जण उठून नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो आणि आज काय झालं ते बोलतो, मग चहा. २०२० मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात दारू पूर्ण बंद ठेवायच्या बाबतीत एएकडं नेणारी पद्धत इतर समुपदेशनापेक्षा सरस ठरली. उणं एवढंच की कुणी तुम्हाला घरातनं ओढून नेत नाही, आणि चारचौघांत बोलायला काहींना फार जड जातं. त्यांनी पहिले काही दिवस नुसतं ऐकायला बसावं, चालतं. बायकोसाठी, घरच्यांसाठी अल-अनॉन या नावाच्या वेगळ्या मीटिंगा असतात, तिनंही जावं, तिचीही झोप उडालेली असते.

मला विचाराल तर पन्नाशीच्या, नोकरी-धंदा चालू असलेल्या माणसानं डॉक्टर आणि मीटिंग दोन्ही एकदम धरावं, माळ घालायची इच्छा असेल तर तीही घालावी, केंद्र राखून ठेवावं. घसरलात तर दुसऱ्याच दिवशी परत मीटिंगला बसा. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. सीपीआरला सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, आणि कालपर्यंत घेत असाल तर एकटे गाडी मारत जाऊ नका, घरातलं कुणीतरी सोबत न्या.