वाय-फाय ६ राउटर: बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरात दोन महिने

आमचं घर म्हणजे वाटण्या होऊन उरलेल्या वाड्याच्या चार खोल्या, भिंतीला भिंत लागून. फोनवर वाय-फायची यादी उघडली की अख्ख्या गल्लीचे राउटर दिसतात, परवा १७ मोजले. बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर, आणि तिथे एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच धरायचे: १, ६, ११. संध्याकाळी सुनेची मीटिंग, नातवाचा क्लास आणि आईची मालिका, तिन्ही अडकायचं.

रावपुऱ्यातून साडेतीन हजारांना हा राउटर आणला. दुकानदार म्हणाला, "काका, आखा घरमां चालशे." नाही चालत. मागच्या खोलीच्या दीड फुटी भिंतीपुढे हाही जुन्यासारखाच हरला. नुसत्या रेंजसाठी घेत असाल तर घेऊ नका.

मी घेतला तो ओएफडीएमएसाठी, म्हणजे एकच चॅनल एका वेळी अनेकांत वाटून द्यायची सोय. माझी नोकरी मोबाइल टॉवरवर झाली. जीएसएममध्ये, म्हणजे २जी मोबाइलमध्ये, आधी फ्रिक्वेन्सीची वाटणी, २०० किलोहर्ट्झचा एकेक तुकडा, त्याला कॅरियर म्हणायचं. मग त्याच कॅरियरवर वेळेचे आठ स्लॉट. वाटणीवर वाटणी. जुन्या वाय-फायमध्ये मात्र कानोसा घ्यायचा, शांत असेल तर बोलायचं, आणि बोलणारा चार शब्दांसाठीही अख्खा चॅनल अडवणार. पंगतीत एकाचं जेवण होईपर्यंत दुसऱ्याला वाढायचंच नाही, तसं. नव्यात, म्हणजे वाय-फाय ६ मध्ये, २० मेगाहर्ट्झच्या चॅनलचे तुकडे करून एका वेळी नऊ जणांपर्यंत वाढता येतं, आणि पुढच्या खेपेला वाटप बदलतं. कानोसा घेणं सुटलेलं नाही, हे त्याच्यावर चढवलंय.

आणि हे ओएफडीएमए सेटिंगमध्ये बंद! डब्यावर ठळक अक्षरात छापायचं आणि आत बंद ठेवायचं, याला काय म्हणावं?

चालू केल्यावर सुनेचा लॅपटॉप आणि नातवाचा टॅब एकत्र चालतात, आवाज तुटत नाही. दोन्ही वाय-फाय ६ चे आहेत म्हणून. माझा फोन आणि टीव्ही जुने, त्यांना ओएफडीएमएचा उपयोग शून्य. शिवाय ही वाटणी आपल्याच राउटरच्या घरात. शेजारचा राउटर तिला कशाला जुमानेल? शेजाऱ्यांचा त्रास कमी झाला तो टीव्ही आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर नेल्यामुळे. जुना राउटर फक्त २.४ चा होता, तेव्हा सगळं श्रेय ओएफडीएमएला देणं बरोबर नाही.

पाचपैकी साडेतीन. मागच्या खोलीत केबल ओढून जुना राउटर लावलाय, चॅनल १ वर. नवा ११ वर.