कायद्यात शब्द लिहायचा की जुन्या शब्दाचा अर्थ लावायचा?
लैंगिक कल (कोणाविषयी आकर्षण वाटतं) आणि लिंगओळख (स्वतःला स्त्री, पुरुष की आणखी काही मानतो) यांवरून होणारा भेदभाव रोखायचे दोन रस्ते दिसतात. पहिला सरळ आहे: कारणं कायद्यात लिहून टाकायची. ब्रिटनच्या २०१०च्या समानता कायद्यात लैंगिक कल आणि लिंगबदल दोन्ही नोंदलेले आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६च्या संविधानातही लैंगिक कल आहे; लिंगओळख मात्र शब्दशः नाही. यादीत काहीतरी सुटतंच.

दुसरा रस्ता अमेरिकेचा. १९६४च्या नागरी हक्क कायद्यातल्या नोकरीविषयक भागात ही दोन्ही कारणं नव्हती, ‘लिंग’ मात्र होतं. २०२० साली बोस्टॉक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्यातच ही दोन्ही कारणं पाहिली. पुरुषावर प्रेम करणारी बाई कामावर चालते, तेच करणारा पुरुष चालत नाही, म्हणजे आड आलं ते लिंगच ना? युक्तिवाद बिनतोड. पण निकाल नोकरीपुरता. त्याच कायद्याच्या हॉटेल-थिएटरांच्या भागात ‘लिंग’ हा शब्दच नाही. मग अर्थ कशाचा लावणार?

माझं मत लिखित शब्दाच्या बाजूने. नोकरीवरून काढलेल्या माणसाने आधी व्याख्येसाठी वर्षानुवर्षं कोर्टात का झगडावं?