गंगापूर रोडवरचा फायब्रोस्कॅन: मशीन चांगलं, सूचना अपुऱ्या

फायब्रोस्कॅन या तपासणीत लिव्हर किती ताठरलंय हे सुई न टोचता कळतं. या सेंटरमध्ये तंत्रज्ञ १० रीडिंग सावकाश घेतात, स्थूल पेशंटसाठी एक्सएल प्रोब (जाड चरबीखालचंही मोजणारा मोठा प्रोब) लावतात आणि रिपोर्टवर मध्यकासोबत (रीडिंगमधला मधला आकडा) आयक्यूआरही, म्हणजे रीडिंग आपसात किती विखुरलीत तो आकडाही छापतात. आयक्यूआर मध्यकाच्या ३० टक्क्यांहून जास्त असेल तर वाढलेल्या आकड्यावर विसंबू नका.

खटकतं ते असं की, अपॉइंटमेंट देताना उपाशी यायला कुणी सांगत नाही. मिसळ चापून गेलात तर लिव्हरचा रक्तप्रवाह वाढतो आणि किलोपास्कल, म्हणजे ताठरपणाचा आकडा, फुगतात. किमान ३ तास पोट रिकामं हवं. काविळीच्या भरातही आकडा उगाच चढतो.

फॅटी लिव्हरवाल्यांसाठी हा आकडा आता जास्तच कामाचा. लिव्हरच्या पेशींतला थायरॉइड हार्मोनचा बीटा रिसेप्टर (हार्मोनचा संदेश झेलणारा रेणू) चेतवून चरबी कमी करणारं रेसमेटिरोम हे औषध अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मंजूर झालं, तेही एफ२-एफ३ टप्प्यांसाठी (लिव्हरवर मध्यम ते बरेच व्रण; टप्प्याचा अंदाज याच आकड्यावरून येतो), सिरॉसिससाठी, म्हणजे व्रणांनी लिव्हर पार निबर झालेल्यांसाठी नाही. त्याऐवजी थायरॉइडच्या नेहमीच्या गोळ्या घ्यायचा शहाणपणा नको, त्या हृदयातल्या अल्फा रिसेप्टरलाही डिवचतात.

आणि या स्कॅनमध्ये कॅन्सरची गाठ दिसत नाही. सिरॉसिस असेल तर दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी वेगळी करावीच लागते.