चिडवाचिडवी: नाटुकलं की गोष्ट?
लालबागला चौथीचा वर्ग घेणारी मैत्रीण पेचात आहे. ‘भय्या’, ‘काळी’ अशी चिडवाचिडवी थांबवायला मुलांकडून नाटुकलं बसवून घ्यावं, की गोष्ट सांगून गप्पा माराव्यात?

खर्च दोन्हींत नाही. वेळेत गोष्ट जिंकते: एक तास पुरतो, नाटुकल्याला चार-पाच. १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याची हकीकत मुलं कान टवकारून ऐकतात. पण मधल्या सुट्टीत पुन्हा मूग गिळून बसतात. नाटुकल्यात ‘ए, तिला तसं नाही म्हणायचं’ हे वाक्य जिभेवर बसतं. मात्र वर्गात जिला चिडवतात तिलाच नाटुकल्यातल्या चिडवल्या जाणाऱ्या मुलीची भूमिका देऊ नये. (हमखास दिली जाते!)

साठ मुलांच्या वर्गाला, नव्या बाईंना गोष्टच बरी. बघे गप्प राहतात हेच दुखणं असेल, तर नाटुकलं.