नवीन रेल बसवली म्हणाले, आणि रेलमध्ये २०२१ च्या पुराचा गाळ निघाला

आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या सीटवर आप्पा बसतात, म्हणजे माझे वडील. वय ७४. उभी हयात कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेली. आता गुडघे आणि कंबर दोन्ही कुरकुरतात, त्यामुळे गाडीत बसताना ते सीटच्या पाठीला धरून सगळं अंग तिच्यावर टाकतात. हे आधीच सांगतोय, कारण मला फसवलं गेलं ते याच गोष्टीवरून.

दिवाळीच्या सुमारास त्या सीटमधून आवाज यायला लागला. स्पीडब्रेकरवर एकदा ‘कर्र’, आप्पांनी जरा कूस बदलली की पुन्हा ‘कर्र’. रंकाळ्यापर्यंत जाऊन यायचं म्हटलं तरी डोकं उठायचं. गाडी २०१७ ची आहे, आवाज व्हायचाच, म्हणून महिनाभर दुर्लक्ष केलं. मग बायको म्हणाली, “आप्पांना तपासायला न्यायचं असतं दर आठवड्याला, एकदा दाखवून तरी या.” आमचा नेहमीचा मिस्त्री गावी गेला होता, म्हणून शहराबाहेरच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये गेलो. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. गॅरेज चकाचक होतं, लिफ्ट होती, पोरांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट होते.

तिथल्या मालकाने टॉर्च घेऊन सीटखाली डोकं घातलं. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. बाहेर आला आणि पहिला प्रश्न विचारला, “साहेब, या सीटवर घरातलं कोण बसतंय?”

“वडील,” मी म्हटलं.

“मग नीट ऐका. रेलला तडा गेलाय. उद्या जोरात ब्रेक दाबला तर सीट रेलमधनं सुटून फुडं जाणार. काकांचं काय हुईल ते तुम्हीच बघा.”

रेल म्हणजे सीट ज्यावरून मागेपुढे सरकते ती लोखंडी पट्टी. मोबाईलवर त्याने एका चिरलेल्या रेलचा फोटो दाखवला. “असाच तडा गेलाय तुमच्या पण.” तो फोटो माझ्या गाडीचा नव्हता, हे त्या वेळी माझ्या ध्यानातच आलं नाही. “मला दाखवा तडा,” एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. पण डोळ्यांसमोर आप्पा डॅशबोर्डवर आदळताना दिसत होते. आज विचार केला की कळतं, किंमत सांगायच्या आधी त्याने सीटवर कोण बसतं ते विचारलं. मुलं बसतात म्हटलं असतं तर मुलांची भीती घातली असती.

गाडी दोन दिवस ठेवून घेतली. सीट रेलची जोडी ६,४०० रुपये, मजुरी १,५००, आणि ‘फ्रेमला वेल्डिंग’ ८००, असे एकूण ८,७०० रुपये. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, “पक्कं पाहिजे तर जीएसटी वरनं पडेल, कशाला उगंच?” साध्या चिठ्ठीवर हाताने लिहून दिलं. जुनी रेल कुठे आहे विचारलं, तर म्हणे भंगारवाला सकाळीच घेऊन गेला. मी पैसे मोबाईलवरून भरले. हा एकच व्यवहार माझ्या हातून शहाणपणाचा झाला, आणि तोही ठरवून केलेला नव्हता, खिशात रोख नव्हती इतकंच.

आवाज मात्र गेला होता. आप्पा सीटवर बसून दोनदा हलले आणि म्हणाले, “गुमान झाली की रे.”

अकराव्या दिवशी गारगोटीकडून परत येताना पुन्हा ‘कर्र’.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. मालक म्हणाला, नवीन पार्ट आहे, बसायला वेळ लागतो, हजारभर किलोमीटर चालवा. मग सीटची पाठ मागेपुढे करून बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, “रिक्लायनर पण गेलाय साहेब. त्येचे ५,२०० हुतील. तेव्हाच सांगणार होतो, पण एकदम खर्च नको म्हटलं.” तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली. बघतो म्हणालो आणि गाडी घरी आणली.

रविवारी सकाळी आप्पा स्वतःच म्हणाले, “सीट पूर्ण मागं सरकव आणि बॅटरी दे माझ्या हातात.” दार उघडं ठेवलं, त्यांच्यासाठी खाली पाट ठेवला. सीट मागे नेली की रेलचे पुढचे दोन बोल्ट दिसतात, पुढे आणली की मागचे दोन. आप्पांनी पुढच्या बोल्टवर उजेड टाकला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “हिकडं ये. ही रेघ बघ.”

बोल्टच्या डोक्यावरून खाली रेलच्या पत्र्यावर उतरलेली पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ होती. कारखान्यात बोल्ट ठरलेल्या जोराने आवळला की तपासल्याची खूण म्हणून अशी रेघ मारतात. आप्पांनी आयुष्यभर जॉबवर अशा खुणा केलेल्या. “बोल्ट पाव फेरा जरी फिरला असता तर डोक्यावरची रेघ एकीकडं आणि पत्र्यावरची दुसरीकडं गेली असती. ही अखंड हाय. ह्या बोल्टला पाना लागलेलाच न्हाई. मग रेल बदलली कशी?” चारही बोल्ट बघितले. तिघांवर रेघ स्पष्ट आणि सलग होती. चौथ्याच्या डोक्यावर गंज होता, पण गंजाचा तोही थर न तुटलेला.

मग त्यांनी जुना टूथब्रश मागवला. सीट पूर्ण पुढे सरकवून रेलच्या मागच्या टोकाला, खाचेच्या आत ब्रश फिरवला. आतून करड्या, मैद्यासारख्या बारीक मातीच्या पापुद्र्या निघाल्या. बोटांत चुरल्या की पीठ व्हायचं. तो गाळ मी लगेच ओळखला. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, जयंती नाल्याचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं आणि गाडी वर नेऊन लावेपर्यंत पाणी तिच्या तळापर्यंत आलं होतं. नंतर मॅट काढून वाळवल्या, गाडी आतून धुतली, पण रेलच्या खाचेत कोण बघतं? ज्या रेलचे मी ६,४०० रुपये मोजले, त्या ‘नवीन’ रेलमध्ये चार वर्षांपूर्वीचा पुराचा गाळ होता.

आप्पा त्या गाळाकडे बघत म्हणाले, “माझ्या नावानं घेतलं रे पैसं.” त्यांना झालेलं दुःख मला ८,७०० पेक्षा जास्त लागलं.

सोमवारी खात्री करून घ्यायला एका पार्टच्या दुकानात गाडीचं मॉडेल सांगून रेलची जोडी मागितली. माझ्या गाडीला रेल सुटी मिळतच नाही, सीटचा खालचा अख्खा फ्रेम घ्यावा लागतो, असं काउंटरवरच्या माणसाने सांगितलं. कुठलाही पार्ट बदलायच्या आधी हा एक फोन करावा, दोन मिनिटं लागतात. आणि पार्ट खरोखर नवा आणला असेल तर त्याचा खोका मागावा. त्यावर पार्ट नंबर, एमआरपी आणि पॅकिंगचा महिना छापलेला असतो. जुना पार्ट तुमच्या मालकीचा असतो, तो भंगार असला तरी डिकीत टाकून घरी आणा.

आता आवाजाबद्दल. तो आम्ही त्याच रविवारी शोधला, आणि तो रेलचा नव्हताच. मी सीटवर बसून अंग डावीउजवीकडे हलवत होतो आणि आप्पा खालून एकेका जागी तळहात टेकवत होते. रेलवर, पाठीच्या बिजागरीवर, बेल्टच्या बकलवर, प्लास्टिकच्या झाकणावर. आवाज कानाला फसवतो, डावीकडून आल्यासारखा वाटतो आणि असतो उजवीकडे. पण थरथर हाताला फसवत नाही, असं त्यांचं म्हणणं. गादीच्या खाली तारेच्या स्प्रिंगची जाळी असते, ती आकड्यांनी फ्रेमला अडकवलेली असते. डावीकडच्या एका आकड्यावरचं प्लास्टिक झिजून गेलं होतं आणि तार नुसती पत्र्यावर घासत होती. त्यांनी तो आकडा अंगठ्याने दाबून धरला आणि म्हणाले, “आता हल.” मी हललो, आवाज बंद. अंगठा काढला, पुन्हा ‘कर्र’.

त्या आकड्याला वायरिंगवर गुंडाळतात ती कापडी टेप चार वेढे गुंडाळली. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे ती मिळते. रबराचा तुकडा घालू नका, रबर लोखंडावर पुन्हा वाजतं. रेलसुद्धा उघडीच होती, म्हणून ब्रशने गाळ काढला, कोरड्या फडक्याने पुसली, पांढरं लिथियम ग्रीस अगदी पातळ लावलं, सीट दहा-बारा वेळा मागेपुढे केली आणि बाहेर आलेलं जास्तीचं ग्रीस पुसून टाकलं. नाहीतर त्याला धूळ आणि केस चिकटतात. ग्रीसची ट्यूब १४० रुपये, टेप ६०.

गॅरेजवाल्याने आवाज अकरा दिवस कसा घालवला, याचं उत्तरही तिथेच मिळालं. स्प्रिंगवर आणि रेलवर गंज सोडवायच्या पातळ तेलाचा फवारा मारलेला होता, फ्रेमवर ओघळ वाळलेले दिसत होते. असलं तेल गंजलेला नट सुटावा म्हणून मारतात. दोन धातू घासू नयेत म्हणून टिकून राहणारा थर त्याचा होत नाही. काही दिवसांत ते उडून जातं आणि मागे धूळ धरून ठेवतं. काम नीट झालंय की नुसतं गप्प केलंय, हे पहिल्या दिवशी कळत नाही. म्हणून पैसे दिल्यावर त्याच दिवशी सीटखाली बॅटरी मारून बघा. वास येतोच.

घरी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगतो. सीटखाली पिवळी सॉकेट किंवा पिवळी वायर दिसली तर तिला हात लावू नका. ती एअरबॅगची किंवा सीटबेल्ट झटक्यात आवळणाऱ्या यंत्रणेची असते. आम्ही जे केलं त्यासाठी एकही बोल्ट उघडावा लागला नाही, बहुतेक आवाजांना तो उघडावा लागतही नाही. आणि रेलला तडा जातच नाही असं मी म्हणत नाही. सीट लॉक केलेली असूनही हाताने हिसका दिल्यावर मागेपुढे हलत असेल, किंवा एका बाजूचं लॉक बसत असेल आणि दुसऱ्या बाजूचं नाही, तर ते घरचं काम नव्हे. पण त्या वेळीही तडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, त्यावर बोट फिरवा, फोटो तुमच्या मोबाईलवर तुम्ही काढा. खरा मिस्त्री तुम्हाला वाकून बघायला लावतो.

त्याच सोमवारी संध्याकाळी फोटो घेऊन गॅरेजवर गेलो. आधी मालक चढ्या आवाजात बोलला, रेघेचा फोटो मोठा करून दाखवला तसा खाली आला. “पोरानं चुकून दुसऱ्या गाडीचं काम तुमच्या चिठ्ठीवर लिवलं असंल.” मग ३,००० रुपये टेबलावर ठेवले, घ्या आणि मिटवा म्हणाला. मी म्हटलं, पूर्ण पैसे द्या आणि काम न करता घेतले होते असं लिहून द्या. तो तयार झाला नाही, मी ते ३,००० उचलले नाहीत. माझ्या आधी किती जणांनी उचलले असतील, हा विचार मला त्या खुर्चीत बसू देईना.

घरी येऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. त्यातून मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. माझ्याकडे त्याच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी आहे, तारखेसह ‘सीट रेल जोडी’ लिहिलेली, आणि त्याच्या खात्यात पैसे गेल्याची नोंद आहे. कच्ची चिठ्ठी म्हणजे पुरावा नाही असं समजून लोक ती फाडून टाकतात, तसं करू नका. पण शक्य असेल तिथे पक्कं बिलच घ्या आणि त्यावरचा जीएसटी नंबर बघा. तो १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नाव निघतं.

सीट आता वाजत नाही. निघालेला गाळ आप्पांनी औषधाच्या रिकाम्या डबीत भरून, वर तारीख लिहून कपाटात ठेवलाय. परवा गाडी सर्व्हिसिंगला आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे दिली, तेव्हा त्याला बजावून सांगितलं, पुढच्या डाव्या सीटच्या बोल्टना पाना लावायचा नाही, फडकंसुद्धा मारायचं नाही. आयोगापुढे गाडी न्यायची वेळ आली, तर ती पिवळी रेघ आहे तशी दाखवायची आहे.