जेट, युरोपा की ९१४? इंजिन पाठीशी असलेली जुनी गाडी घेताना

सीटच्या मागे पण मागच्या आसाच्या पुढे इंजिन बसवायची पद्धत रेसच्या गाड्यांतली. विक्रीच्या गाडीत ती प्रथम आणली फ्रान्सच्या रने बोने यांनी, १९६२ साली, जेट या गाडीत. (नावात फ्रेंचांनी उच्चार चुकवू नये म्हणून आधी एक ‘डी’ लावला होता, तो पुढे गळला.) १९६४ मध्ये मात्रा कंपनीने कारखाना घेतला आणि जेट १९६८ पर्यंत निघत राहिली. लोटस युरोपा आली १९६६ च्या शेवटी, पोर्शे ९१४ आली १९६९ मध्ये. लॅम्बोर्गिनी मिउरासारख्या महागड्या गाड्यांचा विचार इथे नाही. घरच्या गॅरेजात, स्वतःच्या हाताने सांभाळता येतील अशा या तीन.

जेट सगळ्या मिळून साधारण १,७०० बनल्या, युरोपा नऊ हजारांवर, ९१४ लाखाच्या वर. मात्र आकडा जितका कमी तितका सांभाळायचा त्रास जास्त, असं नाही. बहुतेक जेटचं इंजिन रेनॉ ८ या गाडीचं, ११०८ सीसी. गिअरबॉक्स एस्ताफेत या रेनॉच्या मालवाहू व्हॅनचा. त्यामुळे पिस्टन, गॅस्केट, क्लचप्लेट यांची फारशी चिंता नाही. अडतं ते काचा, दारांची रबरं, दिव्यांच्या कडा, आतली बटणं यांवर, कारण ती फक्त याच गाडीची. म्हणून इंजिन जाम झालेली पण सगळं सामान जागेवर असलेली जेट घ्यावी. गुळगुळीत चालणारी पण पुढची काच तडकलेली जेट स्वस्तात मिळाली तरी सोडावी.

जेट आणि युरोपा दोन्हींची बॉडी फायबरची. फायबर गंजत नाही, पण खालचं लोखंड झाकून ठेवतं. युरोपाचा कणा म्हणजे पत्र्याची एक पोकळ पेटी. तिचा पुढचा आडवा भाग, जिथे स्टिअरिंग रॅक आणि सस्पेन्शन बसतं, तिथे पाणी आणि माती साठते आणि पत्रा आतून सडतो. पुढचं चाक काढा, टॉर्च धरा, स्क्रू-ड्रायव्हरने टोचा. टोक आत गेलं तर नवी चासी धरूनच भाव करा. गॅल्व्हनाइज केलेल्या चासी आजही मिळतात. मात्र पहिल्या मालिकेच्या युरोपात बॉडी चासीला चिकटवलेली आहे, वेगळी करायची तर कापावी लागते. दुसऱ्या मालिकेपासून ती बोल्टवर आली. पहिल्या मालिकेचीच युरोपा घ्यायची तर हे आधी मनाशी पक्कं हवं.

युरोपाची आणखी एक खोड. मागच्या चाकाचा ड्राइव्हशाफ्ट हाच सस्पेन्शनचा वरचा दांडा आहे. म्हणजे गिअरबॉक्सचं बाहेरचं बेअरिंग झिजलं की चाक डुलतं, आणि गिअरबॉक्सचं रबर माउंट बसलं की अ‍ॅक्सिलरेटर सोडता-दाबताना गाडी मागून स्वतःच वळायला बघते. मागची बाजू जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून आत-बाहेर हलवा. ‘टक्’ असा आवाज आला तर प्ले (सैलपणा) हबमध्ये आहे की गिअरबॉक्समध्ये, हे दुसऱ्या माणसाला खाली घालून बघा. दोन्हींच्या खर्चात बराच फरक आहे. पुढचं चाक ज्यावर बसतं ती स्टिअरिंग नकल ट्रायम्फ गाड्यांच्या धर्तीची, खाली पितळी ट्रनियन (नकल ज्यात फिरते तो आट्यांचा सांधा). त्यात ग्रीस भरायचं नाही, ईपी ९० गिअर तेल घालायचं. ग्रीस सुकून रस्ता अडवतं आणि आटे कोरडे पडून नकल एक दिवस तुटते.

१९७१ पासूनच्या ट्विन-कॅम (दोन कॅमशाफ्टच्या) युरोपाला १५५८ सीसीचं इंजिन आहे. चालवायला तिन्हींत हीच सरस. पण वॉटर पंप इंजिनच्या पुढच्या कव्हरमध्येच घातलेला, आणि ते कव्हर सीटच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून. पंप गळला की बहुतेक वेळा इंजिनच उतरवावं लागतं. बेल्ट गरजेपेक्षा ताणला की पंप लवकर जातो. इंजिन उतरवलंच, तर काडतुसासारखा बदलता येणारा पंप बसवून टाका.

रेनॉ इंजिनांत, जेटच्या आणि सुरुवातीच्या युरोपाच्या, लायनर (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळ्या) सुटे असतात आणि त्यांच्याभोवती पाणी फिरतं. हेड उतरवल्यावर लायनर पट्टीने दाबून न ठेवता क्रँक फिरवला, तर ते जागचे हलतात, बुडाचं सील फाटतं आणि पाणी तेलात उतरतं. तेलाच्या दांडीवर दुधाळ फेस दिसला तर ‘नुकतंच हेडचं काम केलंय’ हे ऐकून खूष होऊ नका.

९१४ ची कथा निराळी. सगळी गाडी पत्र्याची, आणि छत निघणारं, त्यामुळे बळ दारांखालच्या दोन लांब पेट्यांवर. बॅटरी इंजिनच्या उजवीकडे. वरच्या जाळीतून पाऊस पडतो, बॅटरीचं आम्ल घेऊन खाली ओघळतो आणि उजवी पेटी व मागच्या सस्पेन्शनचा आधार खातो. अमेरिकन मालक या जागेला ‘हेल होल’ म्हणतात. नवा, चकचकीत बॅटरी ट्रे दिसला तर त्याच्या खाली नक्की बघा. परीक्षा सोपी: छत काढा, दारं लावा, दाराच्या मागच्या कडेची फट मोजा, मग ती बाजू जॅकवर घ्या. फट मिटली किंवा दार अडकलं, तर गाडी मधून वाकते आहे. रंगाखाली लांबी (पुटी) भरलेली असेल तिथे चुंबक धरत नाही, तोही खिशात ठेवा. पेटी कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड करायला हवा, नाहीतर दुरुस्तीनंतर दार बसतच नाही.

दुसरी जोखीम आगीची. मधल्या बोगद्यातून जाणाऱ्या पेट्रोलच्या प्लॅस्टिकच्या नळ्या वयाने ठिसूळ होतात. त्या स्टेनलेसच्या करा, इंजिनजवळचे होजही बदला. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनवर लावा: दोन लिटरच्या इंजिनला इनटेक ०.१५ मिमी, एक्झॉस्ट ०.२० मिमी. इंजिनभोवतीचं रबर फाटलं असेल तर खालची गरम हवा परत वर ओढली जाते, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनला ते सोसत नाही. सहा सिलिंडरची ९१४/६ म्हणून कोणी दाखवली, तर पाच नटांच्या चाकांवर भुलू नका. किल्ली स्टिअरिंगच्या डावीकडे आहे का आणि चासी नंबर काय, ते बघा.

भारतात आणायचा विचार असेल तर उजव्या हाताचं स्टिअरिंग कारखान्यातूनच मिळालेली या तिघांत युरोपाच. ९१४ सगळ्या डाव्या हाताच्या. पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला व्हिंटेज गाड्यांची ‘व्हीए’ नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. रोजच्या वापराला मात्र परवानगी नाही, रॅली, प्रदर्शन, देखभाल अशा कामांपुरतीच. आणि पंपावरचं ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) जुन्या रबराला मानवत नाही, तेव्हा होज, डायफ्रॅम, टाकीचं सील हे सगळं इथेनॉल सोसणारं आधी घालून घ्या.

पहिलीच अशी गाडी असेल, पाने हातात धरायची सवय नसेल, तर कोरड्या हवेतली, फट न मिटणारी चार सिलिंडरची ९१४. वळणांसाठी जीव टाकणाऱ्याला ट्विन-कॅम युरोपा, नव्या चासीवरची, बिलं बघून. जेट घ्यायची तर आधी फ्रेंचमध्ये पत्रव्यवहार करू शकेल असा माणूस शोधा, आणि गाडीआधी तिची एक जादा पुढची काच मिळते का ते विचारा.